सुकती

मिरजेहून निघताना भाचीची सॅक घेतली,
पट्ट्याला अजून कुठल्याशा विमानाची चिठ्ठी चिकटलेली.
आत दोन ड्रेस, चकल्या, क्रोसिन, तीन कुलुपं
आणि का कोण जाणे,
अर्धा किलो थालीपिठाची भाजणी.

काणकोणच्या बसमध्ये कंडक्टरने सॅककडे बघितलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा सॅककडे.
सुटे नाहीत म्हणाला.

पाळोळ्याला उल्हास पागीच्या झोपड्या.
रजिस्टरात एक रकाना: येण्याचं कारण.
हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खोलीत अठ्ठावीस वर्षं
मी लोकांची कारणं लिहिली,
ताप, पडणे, साप, माहीत नाही.
माझ्या वेळेला पेन थांबलं.
उल्हास म्हणाला, फिरायला लिहा, सगळे तेच लिहितात.
मी तेही लिहिलं नाही.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला ते बेट.
दिवसातून दोनदा ते बेट असतं,
दोनदा नसतं.
पाणी ओसरलं की खडकांतून चालत जाता येतं.
त्या वेळेला इथे सुकती म्हणतात.
ओहोटीपेक्षा बरा शब्द,
दोरीवरच्या कपड्यासारखा हाताला लागणारा.
"फांतोडेर वचात," उल्हास म्हणाला,
"पूण आठ वाजच्या आदीं परत येयात."
मी मान हलवली.
मी जन्मभर आठाच्या आधी परत आलेली आहे.

अवसेची पहाट. चपला हातात, सॅक पाठीवर.
खोलीत ठेवायला काय झालं होतं?
पण सॅकशिवाय मी
नुसती सकाळची चालायला निघालेली बाई दिसले असते.
एक तांबडं कुत्रं मागे लागलं, एक कान मोडलेला.
खडक शेवाळलेले,
दोनदा घसरले, एकदा देवाचं नाव घेतलं,
एकदा दुसरंच काहीतरी.

सात चाळीसला घड्याळ बघितलं.
आठ दहाला पुन्हा.
मधल्या अर्ध्या तासाबद्दल विचारू नका.
उठले नाही, एवढंच.
पाणी आलं ते आवाज न करता,
बिल घेऊन येणाऱ्या वेटरसारखं.

दहाच्या सुमारास डॉल्फिन दाखवणारी होडी.
लाइफ जॅकेटातलं अख्खं कुटुंब,
एका पोरीने बोट केलं: आई, ती बघ.
मी हात हलवला.
डॉल्फिन हात हलवत नाहीत,
म्हणून असेल, ती बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिली.

मोबाइलला रेंज होती,
हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.
उल्हासचा नंबरही होता.

झुडपाची सावली माझ्या दोन पायांएवढी,
त्यातला एक पाय कुत्र्याला दिला.
बाराला बाटली संपली.
चकलीने तहान आणखी वाढली.
भाजणीची पुडी उघडून नुसता वास घेतला,
चिमूटभर वाळूवर टाकली.
मुंगळे आले.
काणकोणच्या मुंगळ्यांना मिरजेची भाजणी चालली.

मग दुपार.
दुपारचं काही लिहिण्यासारखं नाही,
समुद्र होता, मी होते, ऊन होतं,
आणि कोणी कोणाला काही मागत नव्हतं.

साडेतीनला एक खडक वर आला, मग दुसरा.
कुत्रं आधी निघालं.
पलीकडे उल्हास गुडघाभर पाण्यात उभा,
कमरेवर हात.
कित्येक वर्षांत कोणी अडकलं नव्हतं, म्हणाला.
मी अडकले नव्हते, मी म्हणाले,
आणि लगेच वाटलं, उगाच बोलले.
ओठ फुटले होते, मान भाजली होती.
त्याने शहाळं फोडून दिलं, बायकोला हाक मारली,
जेवायला शीत आहे, हुमण आहे.

मी सॅक खांद्यावरून उतरवली.
तवा आहे का, विचारलं.

पहिलं थालीपीठ चिकटलं.
दुसरं कुत्र्याने पळवलं.